गंजीतला भुंगेरा

सर, तुम्ही गेलात तेव्हाच्या तुमच्या वयापेक्षा आज मी मोठी आहे, तरी हे लिहिताना पाठ ताठ करून बसले आहे. समोर आपल्या काळ्या भुंगेऱ्यावरच्या लेखाचं प्रूफ आहे. संध्याकाळी पाचपर्यंत दुरुस्त्या कळवायच्या, मग तो छापायला जाणार. दुरुस्ती एकाच ओळीत आहे आणि सकाळपासून माझा हात तिच्याकडे जात नाही. म्हणून तुम्हाला लिहायला बसले. मुद्द्याचं टाळायचं असलं की मला भलतीच कामं सुचतात, तुम्हीच म्हणायचात.

बीडच्या कॉलेजातली आपली प्रयोगशाळा आठवते. दिंद्रुडच्या तुमच्या घरच्या दुकानातून आलेले बिस्किटांचे रिकामे डबे, त्यात टाचणीवर लावलेले भुंगेरे, आणि सगळीकडे डांबरगोळ्यांचा वास. घरी आई म्हणायची, तुला काय लग्नाच्या पेटीत ठेवलं होतं का गं दिवसभर! या काळ्या भुंगेऱ्याच्या पाठीवरची दोन झाकणं मधोमध चिकटलेली, आत पंखच नाहीत. उडता येत नाही म्हणून तो आपला डोंगर सोडत नाही, आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथंच राहून वेगळा होत जातो. आपल्या बालाघाटावरचा आणि सह्याद्रीतला एकच, असं सगळे धरून चालले होते. तुम्ही एकटे म्हणत होतात की वेगळे आहेत. आपल्याची पाठ शेवटपर्यंत गुळगुळीत, तिकडच्याच्या पाठीवर मागच्या बाजूला बारीक दाणे. एवढ्या दाण्यांसाठी तुम्ही अकरा वर्षं डोंगर तुडवलेत.

तुमचा नियम एकच होता. भुंगेरा जिथं सापडला त्या दगडापाशीच बसून, शिसपेन्सिलीने, ठिकाणाची चिठ्ठी लिहायची. लिहिल्याशिवाय उठायचं नाही. माझ्या वर्गातल्या एकीने ती होस्टेलवर येऊन लिहिली होती. तुम्ही रागावलात की तुमची भाषा थेट दिंद्रुडला जायची. "कावून? तिथं हात मोडले होते का तुझे?" टाचणीसकट भुंगेरा खिडकीबाहेर गेला. "ज्याचं ठिकाण खात्रीचं न्हाई तो किडा न्हाई, कचरा हाय. आन् असलं माणूस मला इथं नको." ती दारात उभी राहून रडली, पण तुम्ही तिला पुन्हा आत घेतलं नाहीत. मी सगळं बघत होते.

दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. तुमचा लेख टाइप होऊन पाकिटात बसला होता, तिकिटंसुद्धा लावून झाली होती. शिरूर कासारकडच्या, आमच्या गावामागच्या डोंगरावरचा एक नमुना मिळाला की पाकीट टपालात पडणार होतं. मी दोन रविवार चढले. दगड उलटून उलटून बोटं सोलली, मुंगीसुद्धा दिसली नाही. तिसऱ्या रविवारी उन्हाने जीव नको झाला आणि मी गेलेच नाही. पायथ्याला सोसायटीची चाराछावणी होती, तिची व्यवस्था वडिलांकडे. त्यांचा डबा घेऊन गेले, तर गवताच्या गंजीखालून एक काळा भुंगेरा तुरुतुरु चाललेला. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! डोंगरावरूनच उतरला असणार, दुसरीकडून कुठून येतोय, असं मी मनाशी ठरवून टाकलं. चिठ्ठी घरी लिहिली, आई भाकरी थापत होती तिच्याशेजारी बसून. ठिकाण लिहिलं, गावामागचा डोंगर.

सोमवारी तुम्ही तो मायक्रोस्कोपखाली ठेवता. बघता, चष्मा पुसता, पुन्हा बघता. नळाचा थेंब टपटपतोय. "चिठ्ठी तिथंच लिहिलीस ना?" तुम्ही विचारता. मी म्हणते, "हो सर."

"मग माझंच चुकलं. दाणे हितं पण हायेत." तुम्ही पाकीट फोडलंत, कागद खणात टाकलेत, आणि माझ्यावर चिडण्याऐवजी उठून तुमचं पितळी भिंग माझ्या हातात ठेवलंत. "बरं झालं तू आणलास. छापल्यावर कळलं असतं तर तोंड दाखवायला जागा न्हवती. ठेव तुला."

पुढच्या रविवारी वडिलांनी गंजीतून पेंढी ओढली आणि आणखी दोन भुंगेरे खाली पडले. "ह्ये आपल्याकडचे न्हाईत," वडील म्हणाले, "गवतासंगं आलेत. सह्याद्रीकडून ट्रक येतेत ना." म्हणजे मी तुम्हाला दिलेला भुंगेराही तिकडचाच होता. सोमवारी एसटीत सगळा रस्ता मी वाक्य घोकत आले, सर, माझी चिठ्ठी खोटी आहे. दारात पोचले तर तुम्ही मान खाली घालून डब्यांवर लिहिलेलं भुंगेऱ्याचं नवं नाव ब्लेडने खरवडत होतात. "ये गं. भिंग वापरतेस ना?" मी म्हटलं, वापरते. बस, एवढंच बोलणं झालं. पुढे सहा वर्षं तुम्ही होतात आणि त्या भुंगेऱ्यावर तुम्ही एक अक्षर लिहिलं नाहीत. सहा वर्षांत मला एक दिवस सापडला नाही, सर.

आता माझ्या विद्यार्थिनीबरोबर मी ते सगळे डोंगर पुन्हा चढले. एकूण एक पाठ गुळगुळीत. तुमचंच बरोबर होतं, लेखात तसं स्वच्छ लिहिलंय, पहिलं श्रेय तुम्हाला दिलंय. राहिला तो तुमच्या डब्यातला एक दाणेदार भुंगेरा. त्याच्याबद्दल मी लिहिलंय, "या नमुन्याच्या चिठ्ठीवरील ठिकाण चुकीचे असावे." कुणी चुकवलं ते लिहिलं नाही. डब्यावर नाव तुमचं आहे. परवा विद्यार्थिनीने विचारलंच, "मॅडम, तुमचे सर तर चिठ्ठीच्या बाबतीत इतके कडक होते, मग त्यांच्याकडून असं कसं झालं?"

मी म्हटलं, "माणूसच ते. चुकतं एखाद्या वेळी."

तुमच्याच भिंगाने मघाशी ती चिठ्ठी पाहिली. शिसपेन्सिल पुसट झालीय, पण अक्षर माझं आहे हे कुणालाही ओळखू येईल, कुणी बघितलं तर. एका कोपऱ्याला भाकरीचं पीठ अजून चिकटलेलं आहे. पाच वाजून गेले, सर. प्रूफ मी पाठवून दिलं. ती ओळ होती तशीच ठेवली.