डिंकाची बटणं

बाबा,

मी शिंपीणबाईंच्या दुकानात कामाला चाललेय. विचारत नाहीये, सांगतेय.

माझ्या बारशाच्या जेवणाला तुम्ही आत्याला मुद्दाम वगळलंत. ती दारात येऊन बोलून गेली, "या पोरीला सुई टोचली की ही झोपेल ती उठायची नाही." तेव्हापासून आपल्या घरात सुई नाही. फाटलं की डिंकानं चिकटवायचं आणि घामानं सुटलं की चारचौघांत मी मान खाली घालायची. भांडण तुम्हा बहीणभावांचं, आणि जपायच्या नावाखाली कोंडलंत मला.

काल दुकानात मी स्वतःहून सुई हातात घेतली. टोचली. रक्त आलं. भीतीनं डोळे मिटून बसले, तर शिंपीणबाई म्हणाल्या, "झोपायचं असेल तर घरी जा बाई, इथे बाह्या लावायच्या पडल्यात." मी बाही लावली. आणि आज तुमच्याआधी उठले.

संध्याकाळी आत्याला जेवायला बोलावलंय. स्वयंपाक तुम्ही करा. काय बोलायचं तेही तुम्हीच ठरवा.

खुंटीवरच्या तुमच्या सदऱ्याचं बटण दोऱ्यानं शिवलंय. हवं तेवढं ओढून बघा.