न मारलेल्या आठ फेऱ्या

मंगळवार, ११ नोव्हेंबर. अल खोर, कतार.

आज दुपारी साडेचार वाजता माझ्या भाच्याकडून, संदीपकडून, त्याच्या सुपरवायझरने एका तक्त्यावर दहा सह्या करून घेतल्या. नव्या ट्रेलर ड्रायव्हरने जुन्या ड्रायव्हरसोबत दहा फेऱ्या मारायच्या, मगच एकट्याने गाडी काढायची, हा कंपनीचाच नियम. याच्या झाल्या दोन. उरलेल्या आठ खुर्चीत बसून मारल्या.

"मावशी, सगळेच करतात गं," म्हणे. त्या सुपरवायझरला आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी बाकावर उभं केलं असतं.

सांगलीत बारा वर्षं ट्रक चालवला, मान्य. पण तिथे स्टिअरिंग उजवीकडे, इथे डावीकडे. रिव्हर्स घेताना हा अजून सवयीने डावा आरसाच बघतो, आणि इथे माणूस नजरेआड जातो तो उजव्या बाजूला. हे त्यानेच सांगितलं, हसत. हा कामाला जातो त्या रास लफानच्या यार्डात त्याच बाजूने माणसं चालत असतात.

आणि शनिवारपासून हा एकटा.

"तक्रार केलीस तर मला परत पाठवतील." हेही खोटं नाही. मग मी गप्प बसू? तो डावा आरसा डोळ्यांसमोरून हलत नाही. शेवटी म्हटलं, सही तुझी, इंग्रजी माझं. त्याने चहाचा कप बाजूला सरकवला. मग म्हणाला, "लिही."

त्याच्या नावाने कंपनीला लिहिलं: सह्या केल्या ही माझी चूक. फेऱ्या दोनच झाल्या आहेत. उरलेल्या आठ होईपर्यंत मी एकटा गाडी काढणार नाही. गुरुवारी दुपारी बारापर्यंत लेखी उत्तर द्यावे.