चष्मा निघेपर्यंत

३ तारीख, सोमवार
नोकरी लागली! आठ महिने घरात माशा मारल्या, आता माकडचेष्टांचा पगार मिळणार. कलादालनातल्या मॅडमनी 'दुसऱ्याचं आयुष्य' नावाचा प्रयोग बसवलाय. प्रेक्षक डोळ्यांवर व्हीआर चष्मा चढवतो आणि माझ्या कपाळावरच्या कॅमेऱ्यातून बघतो. तो हात उचलेल तसा मी उचलायचा. थोड्या वेळात माझे हात त्याला स्वतःचेच वाटू लागतात. नियम एकच: प्रेक्षकाने चष्मा काढला की प्रयोग संपला. मी थांबवायचा नाही. घरी आम्ही दोघीच, मी आणि माझी सहा वर्षांची चिमी. तिला करून दाखवलं, तर हसून हसून तिचं पोट दुखायला लागलं.

७ तारीख, शुक्रवार
राखाडी स्वेटरवाल्या एक बाई रोज येतात. मॅडमच्या सांगण्यावरून मी घरच्या वस्तू मांडल्या होत्या. बाईंनी माझ्या हातांनी चिमीचा फोटो उचलला आणि किती वेळ कुरवाळला. जाताना विचारलं, लेकीला एकदा आणाल का? मला दया आली, हो म्हणून बसले.

११, मंगळवार
आज माझी बाईंकडे पाठ होती, तरी हात त्यांच्याबरोबरच हलले. मॅडम खूश. सवयीचा भाग असेल.

१३, गुरुवार
चिमीला नेलं. कुठून ही दुर्बुद्धी सुचली! बाईंनी माझ्या हातांनी तिला जवळ घेतलं, तिची वेणी घातली. मग चष्मा न काढताच उठल्या आणि तिचं बोट धरलं. चिमी त्यांना म्हणाली, आई, चल ना. मला ओरडायचं होतं. बाईंचं तोंड मिटलेलं, तर माझंही उघडेना. त्या दोघी बाहेर पडल्या. माझे पाय जागच्या जागी चालत राहिले.

१५
मॅडमना हा अभिनय वाटतो. चष्मा निघेपर्यंत प्रयोग चालू, म्हणे. लोक खुर्च्या टाकून बघतात. मी हवेला घास भरवते— लहान घास—

१७
दुपारी ती बाई झोपते. तेवढी बोटं सुटतात— पाय नाही, तोंड नाही. तेवढ्यात लिहायचं.

१८
हातांनी कपड्यांच्या घड्या घातल्या. छोटे कपडे. मग झाकण दाबलं, चेन ओढली— बॅग भरतेय ती—

१९
कुणीही वाचा— चिमीच्या शाळेत सांगा— ती तिची आई नाही, मी— उठली. हात— नको—
मा. मुख्याध्यापिका यांस, स. न. वि. वि. माझ्या मुलीला शाळा सोडल्याचा दाखला द्यावा. आम्ही उद्या हे गाव कायमचे सोडत आहोत. कळावे. आपली नम्र, चिमीची आ—