कोबोलचं चांगलं पुस्तक

३ सप्टेंबर
मोठ्या साहेबांनी बोलावलं. कारखान्यात उसाची बिलं अजून कोबोल या कम्प्युटरच्या जुन्या भाषेत निघतात. ती भाषा येणारे एकटे नाथाजीअण्णा, आणि ते दिवाळीला रिटायर. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी परीक्षा. पास होईल तो कम्प्युटर विभागात परमनंट. मी लग्नाआधीपासून टेंपररी. कधी घरी बसवतील, नेम नाही. सासुरवाडीला जायची लाज वाटते. आता बस्स! आधी चांगलं पुस्तक निवडायचं. उद्याच निवडतो.

४ सप्टेंबर
सांगलीतली दुकानं पालथी घातली. कोबोल नाही. एक दुकानदार पायथॉन घ्या म्हणून मागे लागला. झापला.

८ सप्टेंबर, दुपारी, ड्युटीवर
रिव्ह्यू वाचतोय. एक पुस्तक जाडजूड, पण जुनं. दुसरं नवं, पण टाइप बारीक. उदाहरणं सगळी बँकेची. उसाचं एकही नाही, खेदाची गोष्ट आहे. नाथाजीअण्णांना विचारलं. म्हणाले, कुठलंबी घे रं भरतेश, पण उघडून बस म्हंजे झालं. त्यांच्या पिढीला निवडीचं महत्त्व कळत नाही.

१३ सप्टेंबर
वजनकाट्यावरची अपूर्वा पण परीक्षेला बसणार म्हणे. उंब्रजची पोरगी. कुणाचं तरी फाटकं पुस्तक घेऊन फिरते, सुरुवातीची पानंच गायब. एडिशन कुठली, विचारलं. म्हणाली, ठाव न्हाई दादा, पण कळतंय की. बिचारी.

१९ सप्टेंबर
निर्णय झाला! साताऱ्याला एका रिटायर प्राध्यापकांकडे हवं तेच पुस्तक सापडलं. म्हणाले, घेऊन जा, कपाट तरी मोकळं होईल. येताना एसटीत वाचणार होतो. पण असं पुस्तक धक्के खात वाचणं बरं नव्हे.

२४ सप्टेंबर
ब्राउन पेपरचं कव्हर घातलं. प्रस्तावना वाचली. लेखकानं बायकोचे आभार मानलेत. मी माझ्या बायकोला, गुणमालाला, वाचून दाखवलं. भाजी चिरता चिरता म्हणाली, तिनं जेवू घातलं तवा त्यानं लिहिलं. तुमी निदान वाचा तरी.
बोलणं लागलं. उद्या पहाटे उठणार.

२८ सप्टेंबर
उठलो नाही. पण प्रस्तावना पक्की झाली आहे.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
आज पहिलं प्रकरण संपवायचंच म्हणून आंघोळ करून आलो, तर आईनं पुस्तक पूजेत मांडलेलं! शेजारी विळा, कोयता, वर झेंडूचं फूल. पूजेतलं पुस्तक दसरा होईपर्यंत हलवायचं नाही. खरं सांगायचं तर जीव भांड्यात पडला. गुणमाला म्हणाली, मोबाईलवर बघा की. म्हटलं, त्यालाही कुंकू लागलंय.

३ ऑक्टोबर
परीक्षा झाली. उसाचं टनेज आणि दर घेऊन बिल काढणारा छोटा प्रोग्राम लिहायचा होता. मी आधी साहेबांना कोबोलच्या पुस्तकांविषयी सविस्तर सांगितलं. कुठलं चांगलं, कुठलं का टाकाऊ. साहेब ऐकतच राहिले. तेवढ्यात वेळ संपली. अपूर्वा कधीच लिहून गेली होती. फार घाई करते.

७ ऑक्टोबर
निकाल लागला. कम्प्युटरला अपूर्वा, परमनंट. बोर्डावर माझंही नाव आहे! साहेब म्हणाले, पुस्तकांची इतकी पारख असलेला माणूस वाया घालवायचा नाही. कारखान्याचं वाचनालय माझ्याकडे. टेंपररी. झाडलोटही मीच करायची.
गुणमालानं ऐकलं आणि ताट वाढलं. ती रागावली असती तर बरं वाटलं असतं.

१३ ऑक्टोबर
वाचनालयात अपूर्वा आली. पुढचं शिकायचंय, तुमचं ते पुस्तक द्या म्हणाली. दिलं. देताना कव्हर तेवढं सरळ केलं.

१८ ऑक्टोबर
अपूर्वा पुन्हा आली. अर्धं वाचून झालं म्हणाली. लय चांगलं पुस्तक हाय दादा, म्हणाली.
मी पहिल्यापासून तेच म्हणत होतो.