बुडबुडे नसलेली बिअर

३ जानेवारी, शुक्रवार
ठरलं. सुधीर कुवेत कायमचं सोडून नाशिकला चाललाय. इतक्या वर्षांचा सहकारी. निरोपासाठी सगळ्यांनी मिळून खैरानला समुद्राकाठी शॅले, म्हणजे सुट्टीचा बंगला, बुक केलंय. लोक केक आणणार आणि शाल देणार. शाल! उभं आयुष्य वाळवंटात भाजलेल्या माणसाला शाल. मी आणणार बिअर. घरी केलेली.

देवयानी म्हणाली, या देशात दारू करताना सापडलास तर नोकरी जाईल, इकामा म्हणजे राहायचा परवाना जाईल, आणि दोघांची रवानगी पहिल्या विमानाने. बायकोला प्रोसेस कळत नाही. मी मीना अल-अहमदीला रिफायनरीत क्रूड शुद्ध करतो. बार्लीच्या पाण्याने मला काय घाबरायचं?

४ जानेवारी, शनिवार
सुधीर लग्नाआधी बादलीत बिअर करायचा. वर ताट, ताटावर डिक्शनरी. आंघोळीचीच बादली असावी असा मला तेव्हाही संशय होता. अखंड गुबगुब चालायचं. एकदा प्यायलो आणि बराच काळ बाथरूममध्ये काढला. हे असे लोक सीनियर मॅनेजर होतात.
संकल्प: आधी इक्विपमेंट. मग बाकीचं.

१० जानेवारी, शुक्रवार
अब्बासियात अशरफचं भांड्यांचं दुकान. माणूस श्रीवर्धनचा, चौकशा फार. खाली नळ असलेली मोठी बरणी मागितली. कशाला, म्हणाला. म्हटलं, लोणच्याला. तो म्हणाला, लोणच्याला नळ कशाला, भाऊ? म्हटलं, खार काढायला. बराच वेळ बघत राहिला. नवीन कल्पना पचायला वेळ लागतो काहींना.
तारेच्या खिट्टीचं झाकण असलेल्या काचेच्या बाटल्याही घेतल्या. सुंदर दिसतात.

११ जानेवारी, शनिवार
रबरी नळी मत्स्यालयाच्या दुकानात मिळाली. दुकानदाराने विचारलं, मासे कोणते? म्हटलं, विचार चालू आहे.
आतला गॅस बाहेर जाईल पण बाहेरची हवा आत येणार नाही, अशी एअरलॉक नावाची वस्तू लागते. कुठे मिळाली नाही. जॅमची छोटी बाटली, नळी आणि एमसील वापरून स्वतः बनवली. बघून डोळे भरून आले.
साखर मोजायचा हायड्रोमीटर नाहीच. गॅरेजवाला कारच्या बॅटरीचा देत होता. अडाणी. मला जीभ पुरते.

१७ जानेवारी, शुक्रवार
देवयानीला नळाची बरणी दिसली. बेत सोडला असं सांगितलं. बरणीत पन्हं ठेवू, म्हटलं. खोटं नाही हे. गोपनीयता आहे.

२४ जानेवारी, शुक्रवार
देवयानी मैत्रिणीकडे. घर मोकळं. बिर्याणीच्या पातेल्यात माल्ट पावडर, खजुराचा पाक, पाणी. मस्त उकळलं. यीस्ट घालण्याआधी पूर्ण थंड करा, असं सगळीकडे लिहिलंय. घाबरट लोक. मी खळखळत्या उकळीतच घातलं. एकही जंतू शिल्लक राहायला नको.
बरणी लेकीच्या, ज्ञानदाच्या खोलीत, कपाटात. ती पुण्यात शिकते, त्यामुळे खोली रिकामीच असते.

२६ जानेवारी, रविवार
एअरलॉकमध्ये बुडबुडे नाहीत.

२७ जानेवारी, सोमवार
नाहीत. आवाजही नाही. सुधीरची बादली किती गोंगाट करायची! दर्जेदार काम शांतपणे होतं.

३१ जानेवारी, शुक्रवार
न राहवून ज्ञानदाला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, बाबा, यीस्ट इज अलाइव्ह, यू नो दॅट, राइट? म्हटलं, ऑफ कोर्स. हल्लीच्या मुलांना बापाला शिकवायची फार हौस. आईला सांगू नकोस, असं दोनदा बजावलं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
बाटल्या भरल्या. रंग अप्रतिम. चव गोड आहे. नवी बिअर गोड असणारच. मुरेल.
पेला रिकामा केल्यावर डोकं किंचित हलकं वाटलं. नक्की वाटलं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
खैरानला निघालो. बाटल्या डिकीत, आइसबॉक्समध्ये, सोलकढीच्या खाली. देवयानीला पत्ता नाही. ती गाणी लावून बसली होती.
वाटेत तपासणी. तरुण अधिकारी, अत्यंत सभ्य. डिकी उघडायला सांगितली. सोलकढी उचलली. हे काय, म्हणाला.
देवयानीने बाटल्या बघितल्या, मग माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा पांढराफटक. लग्नाला इतकी वर्षं झाली, तसं तिला कधी बघितलं नव्हतं. मी जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली. थंडीमुळे.
त्याने खिट्टी उघडली. फस्स नाही, काही नाही. वास घेतला. तळहातावर ओतून जिभेला लावलं. मग हसला. खजुराचं सरबत, म्हणाला. छान आहे, माझी आईही करते.
सरबत! एवढी मेहनत, एवढं इक्विपमेंट, आणि सरबत! बिअरमधलं याला काय कळतं? नो सर, धिस इज, इतकं माझ्या तोंडून निघालंही. देवयानीने टाचेने माझा अंगठा असा चिरडला की पुढचं वाक्य घशातच राहिलं.
पुढचा सगळा रस्ता ती बोलली नाही. गाणीही बंद.

२२ फेब्रुवारी, शनिवार
बाटल्या फोडल्या. सुधीरने एक घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि मला मिठी मारली. म्हणाला, माझ्यासाठी एवढी रिस्क घेतलीस, येड्या. रडत होता. बिअरबद्दल मात्र अवाक्षर नाही. मत्सर. मीही थोडा रडलो. वाऱ्याने वाळू उडत होती.
उरलेल्या बाटल्या पोरांनी संपवल्या. शेजारच्या शॅलेतली उर्वी, वय सहा, तीन पेले प्यायली आणि मग बराच वेळ सरळ रेषेत सायकल चालवत होती.

२६ फेब्रुवारी, बुधवार
देवयानीचा अबोला चालूच. स्वयंपाक करते, माझ्यापुढे ताट ठेवते, निघून जाते. अंगठा काळानिळा. हायड्रोमीटर असता तर त्या अधिकाऱ्याला आकड्यांत सिद्ध करून दाखवलं असतं. बरं झालं नव्हता.

१ मार्च, शनिवार
आज देवयानी बोलली. उर्वीच्या आईचा फोन होता म्हणे. वाढदिवसाला चाळीस पोरं येणार आहेत, तेच सरबत हवंय.
हो म्हटलं. उर्वीच्या आईने थोडं अजून गोड करायला सांगितलंय.