रेडिएटरमधली हळद

सत्यम,

मी आईला घेऊन रिक्षानं दवाखान्यात चाललेय. तू उठल्यावर आधी गाडीखालचा पुठ्ठा बघ. इंजिनाचं हेड गॅस्केट नवं टाकलंय, पण रेडिएटरमधलं हिरवं कूलंट अजून कुठनं गळतंय का ते बघायचंय. हिरवा डाग दिसला तर उस्मानपुऱ्याच्या मिस्त्रीला लगेच फोन कर.

आणि ह्या वेळी स्वयंपाकघरातल्या डब्याला हात लावू नको! रेडिएटर गळतोय हे तुला ठाऊक होतं. सांगायचं सोडून तू त्यात हळद ओतलीस, गळती बुजली म्हणून गप बसलास, अन् आईला न्यायला तीच गाडी माझ्या हातात दिलीस. पडेगावच्या पुढं इंजिन उकळलं अन् गॅस्केट गेलं. आई भर उन्हात रस्त्याच्या कडेला बसली होती अन् तुझा फोन बंद!

मिस्त्रीनं रेडिएटर खोलला तर आत सगळा पिवळा गाळ. "हळद कुणी टाकली?" म्हणाला. मी तुझं नाव घेणार, तेवढ्यात आई म्हणाली, "म्याच टाकली."

तिला बॉनेट कुठून उघडतं तेसुद्धा माहीत नाय.

ताई