शाळेचे सहा खण

चैत्र शु. ३, शके १८६६
आज सकाळी मारुतीला पाणी घालून नव्या शाळेच्या जागेवर गेलो. काठीने जागा मापली, सहा खण धरले. पंचांत पुढे असणारे सुभेदार म्हणाले, "मिस्त्री, नकाशा मागनं. आधी आकडा बोला." गेल्या साली आष्टा गावी एक घर बांधले, त्याचा खणाचा दर घेतला, लढाईची महागाई वर चढवली आणि बोलून गेलो. सगळ्यांनी माना डोलावल्या. ठरले: हनुमान जयंतीच्या दुसऱ्या दिवशी जुन्या शाळेचे छप्पर उतरवायचे, लाकूड नव्याला घालायचे.

शु. ७
मास्तरांनी नकाशा आणला. मधे खांबच नाहीत! "पोरास्नी फळा दिसाया नको व्हय?" बरोबर आहे. पण आमचा खण म्हणजे दोन खांबांमधली जागा. खांब नाहीत तर मी मोजले काय? वीस फुटी तुळया लागणार. आष्ट्याला एकही नव्हती. म्हणजे माझा आकडाच चुकला.

शु. ९
रामनवमी. सांगलीला रशीदशेठच्या लाकडाच्या वखारीत. "वीस फुटी सागवान? आवं, सरकारच्या पुलास्नी न्हाई, तुमच्या शाळंला कुटनं? आन् भाव तर इचारूच नका." विचारला. परत येताना वाटभर हिशेब केला, माझ्या आकड्यात बसेना.
जुने छप्पर उतरले आणि नवे चढलेच नाही तर? पुढे पावसाळा. पोरे...

शु. १२
चूक सांगायला सुभेदारांच्या दारापर्यंत गेलो. त्यांची सून म्हणाली, "आबा, च्या घ्या की. आमचा शिरपा औंदा नव्या शाळंत!" चहा घेतला, परत आलो. वाटले, गप्प राहावे, भिंती उठल्या की गाव काहीतरी करेल. असे वाटते याचीच जास्त भीती. जप करताना मन तुळयाच मोजते.

पौर्णिमा
जन्माचा गुलाल उधळला. सुंठवडा वाटायच्या आत उभा राहिलो. "माझा आकडा चुकलाय. छपराला हात लावू नका."
"मिस्त्रीला उपास बाधला रं!" हशा. सुभेदार हसले नाहीत. "समद्या गावाला सांगून बसलो. आन् तुमी आता सांगताय?"
म्हणालो, मधे खांब चालत असतील तर सहा खण होतील. नाहीतर लाकूड हातात येईपर्यंत थांबा.
मास्तर खाली बघत होते. सुभेदार सुंठवडा न घेताच गेले.
उद्या छप्पर उतरवायला जुन्या शाळेला कालच शिड्या टेकवून ठेवल्यात. येताना पाहिल्या. कोणी काढल्या नाहीत. पण बोललो.